उत्तरेला जिंतूर

शिष्यवृत्ती परीक्षा नक्की कितवीला असते, या प्रश्नाला महाराष्ट्रात चार पर्याय आहेत आणि चारही बरोबर आहेत. १९५४-५५ साली ती सुरू झाली तेव्हा चौथी आणि सातवीला होती. (आमची परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. आम्ही मुंबई राज्यात आलो १९५६ साली. परीक्षेला उशिरा पोचायची आमची परंपरा तशी जुनीच.) पुढं शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत धरली, तेव्हा शासनानं परीक्षा उचलून पाचवी आणि आठवीला नेऊन ठेवली. मग लक्षात आलं, की खेड्यापाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीलाच संपतात. पाचवीला पोरं दुसऱ्या शाळेत, नव्या गुरुजींपुढं, आणि परीक्षेला बसणारांची संख्या घसरलेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्णय झाला, पुन्हा चौथी आणि सातवी. आणि मधला सांधा जुळवायचा म्हणून २०२५-२६ या एका वर्षापुरती चारही इयत्तांना परीक्षा. पाचवी-आठवीची फेब्रुवारीत, चौथी-सातवीची उन्हाळ्यात.

आमच्या घरात त्या वर्षी कन्या पाचवीत होती आणि चिरंजीव चौथीत.

चिरंजिवांनी जूनपासून बहिणीला भरपूर चिडवून घेतलं होतं. ती प्रश्नसंच घेऊन बसली, की हा मुद्दाम तिच्यासमोर भोवरा काढायचा. निर्णयाची बातमी पेपरात आली त्या सकाळी कन्येनं ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन, 'इयत्ता चौथी'वर पाहिजे तेवढा जोर देऊन. प्रकट वाचनाचा इतका उत्तम नमुना तिनं आधी कधी दिला नव्हता आणि नंतरही दिला नाही.

परीक्षेला दोन पेपर. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ दीड तास. हे ऐकताच आबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "एका प्रश्नाला बहात्तर सेकंद." स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "बहात्तर सेकंदात तर दुधावर साय बी धरत नाही."

आबा म्हणजे माझे वडील. मोंढ्यातल्या अडत दुकानात त्यांनी उभी हयात मुनिमी केली. शाळा सातवीपर्यंतची, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी आजही तोंडपाठ. माझं मोंढ्यातच बी-बियाण्याचं दुकान आहे आणि गल्ल्याजवळ कॅल्क्युलेटर आहे. त्याला ते 'तुमचं डबडं' म्हणतात. शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी एक जुनी लाल वही काढली, नातीच्या नावानं खातं उघडलं आणि प्रश्नसंच, गाइड, काळे पेन, क्लासची फी हे सगळं नावे टाकायला सुरुवात केली. जमेची बाजू कोरी ठेवली. "निकाल लागल्यावर बघू," म्हणाले. मोंढ्यात माणूस दुसऱ्याच्या सोयाबीनवरही एवढाच विश्वास ठेवतो.

विषयांची वाटणी सौ.नी केली आणि फ्रिजवर चिकटवली. मराठी तिच्याकडं, गणित आबांकडं, इंग्रजी मोबाइलकडं, बुद्धिमत्ता माझ्याकडं. हे शेवटचं वाचल्यावर घरात जरा वेळ कोणी काही बोललं नाही.

पहिलंच प्रकरण दिशांचं निघालं. 'अजय घरातून उत्तरेला ५ किमी गेला, तिथून डावीकडे वळून ३ किमी गेला, पुन्हा डावीकडे वळून ५ किमी गेला, तर तो आता घराच्या कोणत्या दिशेला आहे?' परभणीत दिशा कोणी वापरत नाही. इथं रस्ते वापरतात. दवाखाना वसमत रोडला असतो, मंगल कार्यालय जिंतूर रोडला असतं, आणि कोणाचंही घर कशाच्याही उत्तरेला नसतं. पण मी भिंतीवरचा नकाशा बघत बसलो आणि माझ्या ध्यानात आलं, की देवानं या गावाला दिशांचा तक्ता घरपोच दिलेला आहे. शहराच्या उत्तरेला जिंतूर, दक्षिणेला गंगाखेड, पश्चिमेला पाथरी, पूर्वेला वसमत. उपदिशासुद्धा जागच्या जागी: ईशान्येला औंढा नागनाथ, आग्नेयेला पालम, नैर्ऋत्येला सोनपेठ, वायव्येला सेलू. पुण्या-मुंबईच्या पालकांनी क्लासला कितीही पैसे ओतले तरी त्यांना हे मिळायचं नाही. यातली पूर्व १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा तिकडं गेली. तेव्हापासून आमचा सूर्य शेजारच्या जिल्ह्यात उगवतो, पण त्यावरून अजून मोर्चा निघालेला नाही.

पोरांनी ही पद्धत लगेच उचलली. "सांगा, अजय आता कुठं आहे?"

"पाथरी रोडला!"

"म्हणजे साईबाबांच्या मंदिरात गेला आसंल," चिरंजीव.

"तेरा किलोमीटर चाललं लेकरू," आजी बाहेर येऊन म्हणाली, "आन् घरापासून तीनच किलोमीटरवर? काहून फिरवायलाव त्याला उन्हात? त्याच्या मायला कळवलं का कोणी?"

आजीला चाचणीपासून लांब ठेवायला हवं होतं, पण नातेसंबंधांचं प्रकरण आलं आणि तिनं चष्माच मागवला. 'एका स्त्रीकडे बोट दाखवून सुरेश म्हणाला, ही माझ्या आईच्या एकुलत्या एका भावाची एकुलती एक मुलगी आहे. तर ती स्त्री सुरेशची कोण?' पर्याय होते बहीण, मामेबहीण, मावशी, भाची. मी अजून कागदावर आई, तिचा भाऊ, भावाची मुलगी असे गोल आणि बाण काढत होतो.

"बायको," आजी म्हणाली.

"आजी, बायको पर्यायात नाही."

"नसंना. मामाची पोरगी, ती बी एकुलती एक. जमीन बाहेर जाऊ देतेत व्हय?"

मी पोरांना समजावू लागलो, की या पुस्तकात असं धरायचं नसतं. पण माझी बाजू लंगडी होती. आजी ही आबांच्या मामाचीच मुलगी. समोर जिवंत पुरावा चष्मा लावून बसलेला असताना छापील उत्तराला कोण विचारतो? कन्येनं प्रामाणिकपणे विचारलं, "पप्पा, दोन पर्याय बरोबर असले तर दोन गोल काळे करायचे का?" पाचवीच्या पेपरात तशी सोय नाही.

पण खरी फजिती झाली ती भाजीच्या प्रश्नावर. 'गटात न बसणारे पद ओळखा: भेंडी, गवार, दोडका, पालक.'

कन्या म्हणाली, भेंडी. का? तर परभणी क्रांती फक्त भेंडीत असते. आता हे तिला माहीत असणारच. दुकानात ती पाकिटांवरची नावं वाचत अक्षरं शिकली. परभणी क्रांती ही आमच्या कृषी विद्यापीठानं काढलेली भेंडीची जात. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगापुढं टिकणारी म्हणून ती देशभर गेली. क्रांती म्हटल्यावर जगाला फ्रान्स आठवतो, रशिया आठवतो. आमच्या घरात भाजी आठवते. चिरंजीव म्हणाला, दोडका; कारण या चारांतलं तेवढं एकच तो खात नाही. आबा म्हणाले, गवार. बाकीच्यांच्या भावात चढउतार असतो, गवार एकदा चढली की चढली. आजी म्हणाली, पालक. मी आनंदानं उठणार, तेवढ्यात तिनं कारण सांगितलं: "बाकीच्यांना चिरायला बसावं लागतं. पालक उभ्या उभ्या तोडून टाकता येते."

चार पर्याय, चार मतदार, प्रत्येकाकडं कारण. निवडणुकीत अशा वेळी चिठ्ठी टाकतात. पुस्तकाच्या शेवटी उत्तर होतं 'पर्याय ४'. कारण दिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी प्रश्न समजावणं सोडून दिलं आणि प्रश्न काढणाऱ्या माणसाचा स्वभाव समजावून द्यायला लागलो. पोरांनी त्याचं नाव पेपरकाका ठेवलं. उत्तर काय, असं आम्ही एकमेकांना विचारेनासे झालो. पेपरकाकांना काय वाटत असेल, एवढंच विचारायचं. आणि काय सांगू, मार्क भराभर वाढले!

हळूहळू पेपरकाकांच्या गावाची चांगलीच माहिती गोळा झाली. त्या गावात नळाला रोज पाणी येतं. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ८ तासांत रिकामी करतो, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवणाऱ्याला घरातलं कोणी बोलत नाही. आमच्याकडं पाणी येण्याचा वार ध्यानात ठेवावा लागतो. रिकामी करणाऱ्या नळाचा विषय नुसता काढला तरी सौ. उठून बघून येते. त्या गावची आगगाडी ताशी ६० किमी वेगानं निघते आणि त्याच वेगानं पोचते. तिला मनमाडच्या बाजूच्या एकेरी रुळावर क्रॉसिंगसाठी थांबावं लागत नाही. "गाडी किती वाजता पोचेल?" या प्रश्नावर चिरंजिवांनी सुरुवातीला "मोबाइलमध्ये बघून सांगतो" असं उत्तर लिहिलं होतं. रांगेत समोरून सातवा असलेला मुलगा मागून मोजला तरी हलत नाही; मध्ये कोणाचा मावसभाऊ घुसत नाही. आणि त्या गावातला दुकानदार! त्याच्या गणितात उधारी नावाची गोष्टच नाही. हा माणूस मला एकदा भेटायचा आहे.

एका गोष्टीचं मात्र मला राहून राहून नवल वाटतं. अशा चाचण्यांची सुरुवात १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी केली, ती शाळेत मागं पडणारी, जास्तीची मदत लागणारी पोरं कोणती, हे शोधायला. पुढं १९३०च्या दशकात धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिनेंची चाचणी कन्नड आणि मराठी पोरांसाठी बसवली. तिला आजही बिने-कामत चाचणी म्हणतात. म्हणजे मूळ विचार असा, की ज्याला येत नाही त्याच्याजवळ जाऊन बसावं. आमच्या चौकात त्याचं रूपांतर फ्लेक्समध्ये झालं. ज्याला येतं त्याचा फोटो वर, मध्ये गुरुजींचा, खाली नगरसेवकाचा, आणि शुभेच्छुकांमध्ये दुकानाच्या नावासह मी.

गणिताचा तास आबांचा. तिथं मला आत यायला परवानगी नव्हती, पण आवाज यायचा. तोंडी हिशेबात त्यांनी दोघांनाही तासून काढलं. सोळाची अडीचकी चाळीस, सतराची दीडकी साडेपंचवीस. कन्या कच्चं काम न करता नुसतं उत्तर लिहायला लागली. वजाबाकीत मात्र पंचाईत झाली. बावन्नमधून अठ्ठावीस घालवताना चिरंजीव शाळेच्या पद्धतीनं म्हणाला, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक उसना घेतला." आबांनी विचारलं, "परत कवा दिला?" त्यानं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. परत दिल्याची नोंद कुठंच नव्हती. 'असर' या शिक्षण-पाहणीची माणसं २००५ पासून देशभर खेड्यांत घरोघर जातात आणि पोरांना वाचायला गोष्ट अन् सोडवायला हातच्याची वजाबाकी देतात, हे मी पेपरात वाचतो. दर पाहणीत वजाबाकी न येणारी पोरं बरीच निघतात. त्यांतली काही नुसती तत्त्वनिष्ठ असतील, अशी मला आता शंका येते.

आणि मग सोयाबीन आलं. 'एका शेतकऱ्याने १२ क्विंटल सोयाबीन ४,००० रुपये प्रति क्विंटल दराने विकले, तर त्याला किती रुपये मिळाले?' पर्यायांत ४८,००० होते. कन्येनं चारही पर्याय सोडून बाजूला पेननं पाचवा गोल काढला, त्यात '५' लिहिलं आणि तो व्यवस्थित काळा केला.

"अगं, अठ्ठेचाळीस हजार!" मी दारातूनच म्हणालो.

"दराने विकले तर अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "मिळाले किती असं विचारलंय. हमाली गेली, तोलाई गेली, गाडीभाडं गेलं."

आबा तिच्याकडं बघून असे हसत होते, की लाल वहीत जमेला काहीतरी लागलं असावं. मी समजावलं, की इथं फक्त गुणाकार बघायचा आहे. ते म्हणाले, "मग गुणाकार करा म्हणावं सरळ. शेतकऱ्याला मधी काहून आणलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि गाइडमध्येही नव्हतं.

मराठीचं सौ.नं नीट करून घेतलं. समूहदर्शक शब्दांत कन्येला 'उतारूंची झुंबड' पाठ करावी लागली नाही. नंदीग्राम एक्सप्रेसच्या साध्या डब्यात ती शिकून झाली होती. 'मोराचा केकारव'वर तिनं एवढंच विचारलं, की शेतातला मोर मांजरानं शेपटीवर पाय पडल्यावर ओरडावं तसा ओरडतो, त्याला एवढं छान नाव कोणी दिलं? पेपरकाकांनी, असं चिरंजिवानं सांगितलं आणि विषय मिटला. इंग्रजीबद्दल मोबाइललाच विचारा.

जानेवारी सरली. परभणीत २ फेब्रुवारीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. सगळ्या जातिधर्मांची माणसं, आकाशपाळणे, मौत का कुआँ, मिठाईची दुकानं, रात्री उशिरापर्यंत उजेड. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत ठेवणाऱ्याला परभणी माहीत नसणार, आणि उरूस पुढं ढकलायचा आमचा काही इतिहास नाही. कन्येनं वाटाघाटी केल्या. एका सोडवलेल्या प्रश्नसंचाला एक आकाशपाळणा. आबांनी मध्यस्थी करून अट घातली, की ऐंशी टक्क्यांच्या खाली माल गेला तर कडता कापला जाईल, म्हणजे पाळणा नाही, नुसती जिलेबी. चिरंजिवाची परीक्षा उन्हाळ्यात होती. तरी त्यानं त्या आठवड्यात आगाऊ म्हणून प्रश्नसंच सोडवले आणि पाळणे वसूल केले. एप्रिलमध्ये त्याच प्रश्नसंचांना नवे पाळणे मागितले, तेव्हा आबांनी वही दाखवली.

उत्तरपत्रिकेतले गोल काळे करण्याचा सराव वेगळा झाला. गोल पूर्ण भरायचा, बाहेर जायचं नाही, एकदा काळा केला की बदलायचा नाही. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळं कोरं काही सोडायचं नाही. येत नसेल तिथंही ठोकून द्यायचं. हे शेवटचं मी शिकवलं, आणि घरात मला या विषयातला जाणकार मानलं गेलं.

परीक्षेच्या रविवारी केंद्राबाहेर पालकांची एवढी गर्दी, की आत पोरं किती असतील याचा अंदाज येईना. आया हातात डबे धरून फाटकाकडं बघत होत्या. बाप मोटारसायकलींवर बसून मागच्या वर्षीच्या पेपरावर बोलत होते. एक जण तर सांकेतिक भाषेचा प्रश्न हवेत बोटानं सोडवत होता. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत कन्या बाहेर आली, डबा खाल्ला आणि "कसा गेला?" या प्रश्नाला म्हणाली, "पेपरकाका आज बरे होते."

काही दिवसांनी अंतरिम उत्तरसूची निघते आणि तिच्यावर ऑनलाइन आक्षेप घेता येतो, हे मी जेवताना सहज बोललो. आबांचा घास हातातच राहिला. सरकार आक्षेप मागतंय आणि आपण गप्प बसायलाव, हे त्यांना पटेना. पेपरात सोयाबीन आलं होतं का नव्हतं, या भानगडीत ते पडलेच नाहीत. आक्षेप तत्त्वाचा होता.

"लिही," ते मला म्हणाले. "माल विकल्यावर हमाली, तोलाई वजा करूनच रक्कम धरावी. पुरावा पाहिजे आसंल तर पट्ट्या आहेत माझ्याकडं ट्रंकेत. सालवार लावलेल्या."

"आबा," कन्या भाकरी मोडत म्हणाली, "हमाली नसते धरायची. पर्याय क्रमांक दोन, अठ्ठेचाळीस हजार."

आबा तिच्याकडं बघत राहिले.

"आन् हमालानं काय खायचं मग?"

"ते पर्यायात नाही, आबा."